रणगाड्याच्या पोटातली आरती

“हिचं कपाळ कुठं?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

कुंकवानं माखलेलं बोट हवेत तसंच धरून ते रणगाड्याभोवती दोन चकरा मारून आले होते. आमच्या जुन्या गाडीला कपाळ होतं. समोर एक सपाट पत्रा होता आणि त्यावर वर्षानुवर्षं स्वस्तिक काढून काढून रंगच उडालेला. ही नवी गाडी मात्र परदेशातून आलेली, आणि जिकडून बघावं तिकडून तिरकी. कुठं काचेचा डोळा, कुठं जाळी, कुठं लाल अक्षरात काहीतरी दटावून लिहिलेलं.

“तिथं नको, तिथं नको!” विक्टर ओरडला. म्हणजे तसंच काहीतरी ओरडला असावा. तो त्या देशाचा माणूस. गाडी आमच्या ताब्यात देईपर्यंत त्याला आमच्याबरोबर राहायचं होतं, आणि त्याचं वजन रोज कमी होत होतं.

“काय म्हणतोय?” रिसालदार बर्गेसाहेबांनी कर्नलसाहेबांना विचारलं.

कर्नल रांगणेकरसाहेबांनी त्या देशाच्या भाषेचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र ऑफिसात फ्रेम करून लावलेलं. ते जरा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “त्याला आपली संस्कृती फार आवडली.”

मग शास्त्रीबुवांनी काचेच्या एका डोळ्याच्या मधोमध कुंकू लावलं. विक्टर खाली बसला.

मी ड्रायव्हरच्या भोकातून मान वर काढून हे सगळं बघत होतो. मी अंकुश खुस्पे, त्या गाडीचा पहिला ड्रायव्हर. आणि मला त्या दिवशी रणगाडा, परदेश, संस्कृती, कशाशी काही घेणंदेणं नव्हतं. मला सुट्टी हवी होती. पाच दिवसांवर माझं लग्न आलं होतं.

लग्न आधी दोनदा पुढं गेलं होतं. एकदा हे रणगाडे आणणारं जहाज उशिरा आलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा ते वेळेवर आलं म्हणून. मुलीचे वडील, पिसाळमामा, पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी कँटीनच्या फोनवर मला सरळच सांगितलं होतं, “जावईबापू, आमच्या पायदळात माणूस पायानं चालायचा आणि वेळेवर पोचायचा. तुम्ही एवढ्या मोठ्या गाडीत बसून लग्नाला पोचत नाही. आता तिसऱ्यांदा तारीख मोडली तर वैजयंताला दुसरं स्थळ तयार आहे. पोस्टात आहे मुलगा. रोज घरी जातो.”

रोज घरी जातो! हे ऐकल्यापासून माझी झोप उडालेली.

मी कर्नलसाहेबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “जनरलसाहेब गाडी बघायला येतायत. त्यांच्यासमोर गाडी नीट चालव, एक फेरी मार, शेडमध्ये लाव. लावलीस की तिथून थेट स्टँडवर जा. पण काही गडबड झाली, तर बाबा, तुझं लग्न राहू दे, माझंच घर मोडेल.”

आता गडबड काय होणार होती? खरं सांगायचं तर बरीच. एक तर गाडी बोलायची. चावी फिरवली की आतून एका बाईचा आवाज यायचा, त्यांच्या भाषेत. तिला आम्ही मावशी म्हणायचो. दरवाजा उघडा राहिला, मावशी बोलायची. तेल कमी झालं, मावशी बोलायची. बर्गेसाहेब तंबाखू मळायला लागले तरी बोलायची. आणि तिचं मनासारखं झालं नाही की इंजिनच बंद. तीन दिवस ती जागची हलली नव्हती. विक्टर आत वाकून वाकून तारा तपासत होता.

बर्गेसाहेबांनी मात्र निदान केलं होतं. “नवी सून आहे. गृहप्रवेश केला का कुणी? नाही. मग ती चालेल कशाला?”

आमच्या रेजिमेंटची पद्धत अशी की नवी गाडी आली की नुसता नारळ फोडून भागत नाही. आरती गाडीच्या पोटातून फिरवायची. वरच्या झाकणातून तबक आत द्यायचं, तोफवाल्यानं ते तोफेला ओवाळायचं, मग त्यानं खाली ड्रायव्हरकडं द्यायचं, आणि ड्रायव्हरनं स्वतःच्या भोकातून बाहेर काढायचं. वरून गेलेली आरती पुढून बाहेर आली की गाडी आपली झाली. जुन्या गाडीत किती वेळा केलेलं. तिच्या आत जुनं तेल, चिंध्या आणि बर्गेसाहेबांच्या विड्या असायच्या, तरी तिला कधी काही झालं नाही.

जनरलसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे. शिकले बेळगावात, त्यामुळं मराठी स्वच्छ. आल्या आल्या म्हणाले, “मला स्लाइड दाखवू नका. गेले दोन महिने मी नुसत्या स्लाइड बघतोय. गाडी दाखवा.”

“सर, आधी थोडी पूजा आहे,” कर्नलसाहेब म्हणाले.

“करा ना. लवकर करा.”

लवकर म्हटल्यावर कर्नलसाहेबांनी मला खूण केली, चावी फिरवून ठेव, म्हणजे आरती झाली की लगेच निघता येईल. मी फिरवली. दिवे लागले. मावशी गोड आवाजात काहीतरी म्हणाली.

“वा! नमस्कार करते वाटतं,” जनरल म्हणाले.

शास्त्रीबुवांनी चाकांवरच्या पट्ट्याखाली लिंबं ठेवली. नारळ फोडला, तो विक्टरच्या पायाशीच. मग तबकात कापूर पेटवला. बुवा उदार माणूस, आणि जनरल आलेले. त्यांनी कापराची अख्खी डबीच पालथी केली होती. ज्वाळा हातभर उठली.

विक्टर ताडकन उभा राहिला. दोन्ही हात हलवत, घशाच्या शिरा ताणून, एकच शब्द पुन्हापुन्हा ओरडायला लागला.

“हा काय म्हणतोय?” जनरलनी विचारलं.

कर्नलसाहेबांनी डोळे मिटले. “सर, त्याला भरून आलंय.”

“भला माणूस,” जनरल म्हणाले. आणि बुवांनी विनंती केल्यावर ते स्वतः गाडीवर चढले. वरच्या झाकणातून कमरेपर्यंत आत वाकून तोफेवर फूल वाहायचं होतं. त्यांच्या बाजूनं बुवांनी तबक आत सोडलं. ते घ्यायला बर्गेसाहेब आत बसलेलेच होते. बाहेर सगळ्या रेजिमेंटनं आरती धरली. टाळ्या, झांजा, घंटा.

आत मावशी बोलायला लागली. आधी हळू.

“बघा, बाईला पण आरती येते,” बर्गेसाहेब तबक ओवाळत म्हणाले.

मावशी जोरात बोलायला लागली. मग भराभर बोलायला लागली. मग तिच्या आवाजात असा काही कोरडेपणा आला की मला एकदम शाळेतल्या बाई आठवल्या, छडी हातात घ्यायच्या आधीच्या.

“बर्गेसाहेब,” मी म्हणालो, “ही चिडली वाटतं.”

“नवी सून आहे, लाजते. धर तबक.”

मी हात पुढं केला आणि भस्स झालं.

भस्स हा शब्द कमी आहे. पण दुसरा माझ्याकडं नाही. चारी बाजूंनी एकाच वेळी पांढरी भुकटी सुटली. डोळ्यांत, नाकात, तोंडात, मनात. दिसेनासं झालं. कापूर विझला, दिवे विझले, मावशी बंद. बाहेरची आरती “जय देव जय दे” वर थांबली.

मी चाचपडत भोकातून वर आलो. समोर विक्टर डोकं धरून बसलेला. वरच्या झाकणातून जनरलसाहेब हळूहळू बाहेर येत होते. कमरेखाली ते जनरल होते. कमरेवर पिठाच्या गिरणीत काम करणारा माणूस. मिशा कुठं संपतात आणि चेहरा कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. त्यांच्या हातात अजून ते फूल होतं, आणि तेही पांढरं.

कर्नलसाहेबांचं तोंड उघडं पडलेलं, पण त्यातून कुठलीच भाषा येईना.

“हे,” जनरल म्हणाले आणि शिंकले. “हे काय होतं?”

मला त्या क्षणी पोस्टातला मुलगा दिसला. सायकलवरून घरी चाललेला, संध्याकाळी, वेळेवर. मी ताठ उभा राहिलो, भुकटीतच सॅल्यूट ठोकला आणि छाती फाडून ओरडलो,

“डेमो, साहेब! गाडीच्या पोटात आग लागली, गाडीनं आपोआप विझवली! जीवितहानी नाही! यंत्रणा ओके!”

बर्गेसाहेबांनी आतून वर डोकं काढलं, तेही पांढरंफेक, आणि म्हणाले, “जीवितहानी नाही, साहेब.” आणि खोकले.

“कर्नल, हे ठरवून होतं?”

कर्नलसाहेब म्हणाले, “सर, आपणच म्हणालात, स्लाइड नकोत.”

जनरलनी रुमालानं एक डोळा पुसला. दुसरा तसाच ठेवला. “छान,” ते म्हणाले. “पुन्हा दाखवा.”

आता आग विझवायच्या भुकटीच्या बाटल्या एकदा रिकाम्या झाल्या की झाल्या, एवढं मलाही कळत होतं. विक्टर जमिनीवर बसल्या बसल्या बोटांनी शून्य काढून दाखवत होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू हे सगळं मीच विकत आणलंय.

“साहेब,” मी म्हणालो, “एकदा विझवलेली आग पुन्हा लागतच नाही. एवढी यंत्रणा पक्की आहे.”

जनरलच्या गालावरची भुकटी जरा हलली. तडा गेल्यासारखी.

“नाव काय तुझं?”

“सवार अंकुश खुस्पे, साहेब.”

“खुस्पे, काय पाहिजे तुला?”

“सुट्टी, साहेब. लग्न आहे माझं. दोनदा मोडलंय.”

“मंजूर. गाडी शेडमध्ये लागली की सुट्टी. कर्नल, माझ्या तोंडचे शब्द आहेत. यात बदल नाही.” आणि ते आपल्या मोटारीत बसून, सीटवर पांढरा ठसा उमटवत, निघून गेले.

आम्ही बर्गेसाहेबांना खांद्यावर घेतलं. कर्नलसाहेबांनी शास्त्रीबुवांना मिठी मारली. मी उडी मारून आत बसलो, चावी फिरवली.

काहीच नाही.

पुन्हा फिरवली. मावशी एकच वाक्य बोलली आणि गप्प झाली. ते वाक्य विक्टरनं कर्नलसाहेबांना कागदावर चित्रं काढून समजावलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. आग विझवायच्या बाटल्या भरलेल्या नसतील तर गाडी सुरू होत नाही. नुसती सुरू होत नाही असं नाही, तिचे ब्रेकही सुटत नाहीत. सुरक्षेसाठी.

“मग बाटल्या भरा,” कर्नलसाहेब म्हणाले.

विक्टरनं एक जहाज काढलं. मग समुद्र काढला. समुद्र काढायला त्याला बराच वेळ लागला.

“ओढून नेऊ!” बर्गेसाहेब म्हणाले. जुनी गाडी आणली, साखळदंड लावला, जोर केला. नवी गाडी तसूभर हलली नाही. जुन्या गाडीचा हूक मात्र निघाला, आणि ती सुटल्याच्या आनंदात बॅडमिंटन कोर्टातून आरपार गेली.

नियम असा की गाडी उघड्यावर असली तर ड्रायव्हरनं तिला सोडायचं नाही. म्हणून मी तिथंच राहिलो, परेडच्या मैदानाच्या मधोमध. जेवण तिथं, झोप तिथं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कँटीनमधून निरोप आला म्हणून बर्गेसाहेबांना गाडीवर उभं करून मी फोनपर्यंत पळालो. पिसाळमामा होते.

“निघालात?”

“मामा, गाडी शेडमध्ये जात नाही.”

“का?”

“आरती केली म्हणून.”

मामा पलीकडं कुणालातरी म्हणाले, “पोस्टवाल्यांचा नंबर काढ गं.” आणि मग झटापट झाल्यासारखी वाटली, आणि फोनवर वैजयंताचा आवाज आला. लग्न ठरल्यापासून मी तो दोनदाच ऐकलेला.

“तुम्हाला यायचंय का नाही, एवढंच सांगा.”

“यायचंय. पण गाडी…”

“गाडी हलत नाही ना?”

“नाही.”

“मग पत्ता बदलणार नाही. आम्ही येतो.” आणि ठेवून दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. दोन ट्रक. एकात माणसं, दुसऱ्यात मांडवाचं सामान, भांडी आणि मांडववाला बापू गुजर. गेटवरच्या शिपायानं अडवलं तर पिसाळमामांनी त्याची टोपी सरळ केली, बटण लावून दिलं आणि आत शिरले.

कर्नलसाहेब धावत आले. “अहो, परेडच्या मैदानावर खाजगी कार्यक्रम नियमात बसत नाही!”

मामा काही बोलायच्या आत वैजयंता ट्रकमधून खाली उतरली. हळद लागायची होती अजून, पण नजर लागली असती अशी दिसत होती.

“खाजगी म्हणू नका, साहेब,” ती म्हणाली. “स्थानिक नागरिकांना नव्या रणगाड्याची ओळख, असं म्हणा. बघा की, शंभर नागरिक आलेत. बाया पण आहेत.”

कर्नलसाहेबांनी डोळे मिटले. ही सरकारी भाषा मात्र त्यांना लगेच समजली. “जेवण आहे?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या रेजिमेंटला.”

झालं. बापूनं खांब रोवले, वर लाल-पिवळं कापड ताणलं, झालरी सोडल्या. मला गाडीपासून हलता येत नव्हतं म्हणून मांडव गाडीसकटच घातला. तोफेच्या नळीला आंब्याचं डहाळं बांधलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला कळलं की अंतरपाट घरी राहिलाय, तेव्हा बर्गेसाहेबांनी गाडी लपवायचं जाळं आणून मधे धरलं. त्याच्या भोकांतून आम्ही दोघांनीही एकमेकांकडं मनसोक्त बघून घेतलं. मंगलाष्टकांना विक्टरच्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या, त्या त्यानं खाल्ल्या. पण होम पेटवायची वेळ आली तसा तो कुठूनतरी वाळूची बादली घेऊन आला आणि सप्तपदीभर आमच्या मागं मागं, पावलाला पाऊल लावून चालला. फोटोत सगळीकडं आम्ही तिघं आहोत.

पंगत बसली तेव्हा पिसाळमामा कर्नलसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. “लग्न तर लागलं,” ते म्हणाले. “आता पोरीला एकटीलाच न्यायचं का सासरी?”

कर्नलसाहेब जिलबी हातात धरून बसले होते. ते विचार करायला वर बघतात, तसं त्यांनी वर बघितलं. वर कापड होतं. त्यांनी खांब बघितले. खांबांच्या मधे उभा रणगाडा बघितला. जिलबी खाली ठेवली.

“बर्गे! शेड म्हणजे काय?”

“खांब आणि वर छप्पर, साहेब.”

“हे काय आहे?”

बर्गेसाहेबांचा घास तसाच राहिला. मग ते ओरडले, “गाडी शेडमध्ये लागली, साहेब!”

“खुस्पे, सुट्टीवर जा! आत्ताच्या आत्ता!”

जो काही आरडाओरडा झाला तो गावापर्यंत गेला असणार. तेवढ्यात जनरलसाहेबांचा ड्रायव्हर आला, साहेबांकडून साडी आणि पेढे घेऊन. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, “साहेब रागावलेत का रे फार?”

“रागावलेत?” तो म्हणाला. “त्या दिवशी गेटच्या बाहेर पडलो तशी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. पोट धरून हसले. पुसून पुसून रुमाल संपला. म्हणाले, कापूर पेटवून डेमो देणारी जगातली ही पहिलीच फौज. आणि म्हणाले, सुट्टी कधी सुरू होणार ते मी सांगितलंय, कधी संपणार ते बोललोच नाही. बघू त्या पोराच्या लक्षात येतंय का.”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. वैजयंता शेजारीच उभी होती. तिच्या आलं.

आम्ही ट्रकमध्ये चढत होतो तेव्हा बापू गुजरची माणसं मांडवाचे दोर सोडायला लागली. वैजयंतानं मुंडावळ्या मागं सारल्या आणि खाली वाकून ओरडली, “अहो कर्नलसाहेब! शेड पाडतायत!”

कर्नलसाहेब धावले. “खबरदार! खांबाला हात लावायचा नाही! पहारा लावा!”

“अहो साहेब,” बापू रडकुंडीला आला, “परवा वाघोलीच्या पाटलांकडं मांडव द्यायचाय मला!”

“मग पाटलांना इकडं बोलवा!”

आणि बोलावलं, काय सांगू! पाटलांची पोरगी तिथं उजवली. तिच्या मागून कुणा मास्तरांचा मुलगा. ती अख्खी लग्नसराई परेडच्या मैदानावर झाली. रणगाड्यासमोर लग्न लागलं की नवरा घर सोडून हलत नाही अशी बोलवा उठली, आणि लोक तारखा धरायला रांगेत उभे राहायला लागले. कर्नलसाहेबांनी वर कळवलं की स्थानिक नागरिकांचा प्रतिसाद उत्साहाचा आहे. विक्टरचं वजन जिलब्यांनी भरून आलं.

आणि मी घरी. मांडव उभा तोवर गाडी शेडमध्ये, आणि गाडी शेडमध्ये तोवर मी सुट्टीवर. पेरणी केली, घर शाकारलं, वैजयंताबरोबर तिच्या सगळ्या मावश्यांकडं जेवून आलो. पोस्टातला तो मुलगा एकदा पत्र टाकायला आमच्या दारात आला. मी ओसरीवर झोपाळ्यावर बसलेलो बघून म्हणाला, “तुम्ही फौजेत आहात ना?”

“आहे की,” मी म्हणालो. “ड्यूटीवर आहे.”

शेवटी एकदा सरपंचांच्या घरी फोन आला. बर्गेसाहेब होते, आवाज पडलेला.

“अंकुश, जहाज लागलं रे. बाटल्या आल्या. बापू खांब काढतोय.”

मी काही बोलायच्या आत वैजयंतानं माझ्या हातातून फोन घेतला.

“बर्गेभाऊजी, पुढच्या खेपेला गाड्या घ्याल,” ती म्हणाली, “तेव्हा साहेबांना सांगा, जरा आणखी लांबचा देश बघा.”